नवीन आवृत्ती टाकली आणि पडदा अडकला: जीटी ७३० चा ड्रायव्हर, उबुंटू २४.०४

पांझराकाठ (धुळे)
राम राम मंडळी. धुळ्यातल्या एका फ्लेक्स-बॅनर आणि लग्नाच्या अल्बमच्या दुकानातली १० मशीन उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर नेली आहेत. ६ मशीन जशी होती तशी चालताहेत. ३ सुरू होतात, पण पडदा १०२४ बाय ७६८ वर अडकलाय आणि खिडकी सरकवली की मागे तिची सावली ओढत येते. १ मशीन लोगो दाखवून काळं होतं, वर डाव्या कोपऱ्यात नुसती रेघ लुकलुकत राहते.

कार्डं अशी: ९ मशीनमध्ये एनव्हिडियाचं जीटी ७३०, २ जीबी. दहाव्यात, म्हणजे काळं पडणाऱ्यात, जीटीएक्स १६५०. सहा मशीनवर ४७० चा ड्रायव्हर चालतोय म्हणून अडकलेल्या तिघांवरही तोच टाकला. इन्स्टॉल विनातक्रार होतं, पण रीस्टार्टनंतर एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची हालत दाखवणारी कमांड) सांगतं की ड्रायव्हरशी संपर्क होत नाही. कार्ड तेच, ड्रायव्हर तोच, मग सहा चालतात आणि तीन का नाही? लग्नसराई तोंडावर आहे, काम थांबवता येत नाही.

सातपुडा (चोपडा)
भाऊ, आता काहीही नवं टाकू नका, काहीही काढू नका. आधी प्रत्येक अडलेल्या मशीनवर चार कमांड चालवा आणि उत्तर इथे टाका. नेहमीप्रमाणे कमांड देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर इंग्रजी अक्षरांतच टाकायच्या.

एलएसपीसीआय -एनएनके : यात व्हीजीएच्या ओळीत चिपचं सांकेतिक नाव दिसतं आणि खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' समोर कोण बसलंय ते कळतं. ती ओळच नसेल तर कार्डावर कुणीच बसलेलं नाही.
सुडो डीमेसेज, त्यातल्या एनव्हीआरएमच्या ओळी : ड्रायव्हरने कार्ड का नाकारलं हे तो स्वतः इथे लिहून ठेवतो.
डीकेएमएस स्टेटस : सध्याच्या कर्नलसाठी (सिस्टीमचा गाभा) मॉड्यूल, म्हणजे त्याला जोडायचा ड्रायव्हरचा तुकडा, तयार झालंय का.
मोकयुटिल --एसबी-स्टेट : सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय) चालू की बंद.

खोक्यावरचं नाव नका सांगू. चिपचं नाव हवंय, जीएफ, जीके, जीपी, टीयू असं सुरू होणारं.

शेवभाजी (जळगाव)
फॉरमॅट मारा, २४.०४ कोरं टाका. तासाभरात मोकळे.

सातपुडा (चोपडा)
@शेवभाजी, फॉरमॅटने कार्ड बदलत नाही ना दादा. ज्या रेपोतून (उबुंटूच्या पॅकेजभांडारातून) आज ४७० आला त्याच रेपोतून उद्याही ४७० च येणार. कोऱ्या इन्स्टॉलने फक्त जुन्या आवृत्तीचा राहिलेला कचरा जातो. तो दहाव्या मशीनवर नक्की असणार असं वाटतंय, पण तेवढ्यासाठी दुकानाचे फॉन्ट, प्रिंटरचे प्रोफाइल आणि रिप (प्रिंटरसाठी चित्र तयार करणाऱ्या) सॉफ्टवेअरची मांडणी पुसायची गरज नाही.

शेवभाजी (जळगाव)
मान्य. कलर प्रोफाइलचा विचारच केला नव्हता.

भुसावळ_जंक्शन
मूळ मुद्दा शाखेचा आहे. एनव्हिडियाचा ड्रायव्हर म्हणजे एकच सलग वाढत जाणारी गोष्ट नव्हे. भुसावळला गाडी नागपूरकडे वळते की इटारसीकडे, तसं चिपच्या पिढीवर ठरतं कुठल्या शाखेवर जायचं, आणि जुन्या शाखा पुढे जाऊन संपतात.

३४० ची शाखा: जीफोर्स ८, ९, २००, ३०० मालिका. २०१९ अखेर बंद.
३९० ची शाखा: फर्मी, म्हणजे ४०० आणि ५०० मालिका. २०२२ अखेर बंद.
४७० ची शाखा: केप्लर, म्हणजे ६०० आणि ७०० मालिकेतली बहुतेक कार्डं, जीटी ७१० सुद्धा. २०२४ मध्ये बंद, शेवटची आवृत्ती ४७०.२५६.०२.
५८० ची शाखा: मॅक्सवेल आणि पास्कल, म्हणजे ७५० टीआय, ९०० आणि १००० मालिका, यांच्यासाठी हीच शेवटची. ५९० पासून ही कार्डं वगळली आहेत.
ट्युरिंग, म्हणजे १६५० आणि २०००, आणि पुढचं सगळं: चालू शाखा.

'शेवटची' म्हणजे ड्रायव्हर त्या दिवशी मरतो असं नाही. कर्नलमधले अंतर्गत दुवे दर आवृत्तीला बदलतात, आणि बंद शाखेचं मॉड्यूल त्या बदलाप्रमाणे दुरुस्त करायला एनव्हिडियाकडे माणूस उरत नाही. मग डिस्ट्रोवाले जमेल तितके दिवस स्वतः ठिगळं लावतात. तेही थकले की पॅकेजच रेपोतून जातं. म्हणून नवी आवृत्ती आल्यावर हे दुखणं उफाळून येतं. बाकी सगळा सोर्स उघडा असल्यामुळे कर्नलबरोबरच दुरुस्त होतो, हे एकच कुलूपबंद गाठोडं मागे राहतं.

'सहा चालतात, तीन नाही' वरून मला एक शंका येतेय, पण आधी तुमचं एलएसपीसीआय येऊ द्या.

केळीचा_घड (रावेर)
एक आडवळणाची पण आपल्याकडे लागू होणारी गोष्ट. अपग्रेड चालू असताना वीज गेली होती का? मॉड्यूल कंपाइल होताना किंवा इनिटरॅमएफएस (मशीन सुरू होताना आधी लागणारी फाइल) लिहिताना मशीन बंद पडलं तर पॅकेज अर्धवट राहतं, आणि वरून सगळं नीट दिसतं. तपासायला:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल
सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल

तिसऱ्या कमांडला 'नो स्पेस लेफ्ट' आलं तर /बूट भरलंय. एनव्हिडियाचं मॉड्यूल आत गेलं की इनिटरॅमएफएस चांगलंच फुगतं. ५०० एमबीचं वेगळं /बूट असेल तर तीन कर्नलमध्ये गच्च होतं. सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज करून जुने कर्नल काढा, पण चालू असलेला आणि त्याच्या आधीचा एक, असे दोन ठेवाच. यूपीएसची बॅटरी पाच मिनिटं टिकत असेल तर आपल्या भागात लोडशेडिंगच्या वेळापत्रकाच्या बाहेरच अपग्रेड करावं.

गिरणामाई (चाळीसगाव)
@केळीचा_घड, अगदी बरोबर. आणि १० मशीनवर तेच काहीशे एमबी दहा वेळा उतरवू नका. एका मशीनवर एपीटी-कॅशर-एनजी टाका, ते ३१४२ पोर्टवर ऐकतं. बाकी मशीनवर /ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी मध्ये एक छोटी फाइल करून प्रॉक्सी म्हणून त्या मशीनचा पत्ता द्या. पहिल्या मशीनने उतरवलेलं पॅकेज बाकी नऊ दुकानातल्याच केबलवरून घेतात.

पांझराकाठ (धुळे)
वीज गेली नव्हती, डीपीकेजी स्वच्छ आहे. आधी काळ्या पडद्याचं, म्हणजे १६५० चं सांगतो, कारण त्याच मशीनवर प्रिंटची रांग लागते.

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने काळा टर्मिनल मिळाला. एलएसपीसीआयमध्ये टीयू११७. ड्रायव्हर इन यूजची ओळ नाही. डीकेएमएस स्टेटस रिकामं. सिक्युअर बूट चालू. मागच्या कारागिराने ड्रायव्हर एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून .रन फाइल उतरवून टाकला होता, ती फाइल डाउनलोडमध्ये पडलेली आहे.

सातपुडा (चोपडा)
मग रोग सापडला. .रन फाइल एपीटीला (उबुंटूच्या पॅकेज-व्यवस्थापकाला) न विचारता फायली पसरते. डीकेएमएसशी नोंदणी केली नसेल तर मॉड्यूल फक्त त्या दिवशीच्या कर्नलसाठी बनतं. तुमचा कर्नल बदलला, मॉड्यूल मागे राहिलं. त्यात त्या इन्स्टॉलरने दोन गोष्टी मागे सोडल्या असणार: नुव्होला (एनव्हिडिया कार्डांचा मोकळा ड्रायव्हर) बंदी घालणारी फाइल आणि एक एक्सऑर्ग.कॉन्फ, ज्यात ड्रायव्हर म्हणून 'एनव्हिडिया' पक्कं लिहिलेलं. म्हणजे मोकळा ड्रायव्हर यायला बंदी, आणि बंद ड्रायव्हर जागेवर नाही. एक्स सर्व्हर उठतो, ड्रायव्हर शोधतो, सापडत नाही, पडतो. लुकलुकणारी रेघ ती हीच.

त्याच काळ्या टर्मिनलमधून या क्रमाने करा:

१. सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल. ही कमांड नसेल तर तीच .रन फाइल सुडो एसएच ने चालवून शेवटी --अनइन्स्टॉल जोडा.
२. /ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ पुसू नका, नाव बदला, मागे .जुनी लावा.
३. /ईटीसी/मॉडप्रोब.डी आणि /यूएसआर/लिब/मॉडप्रोब.डी या दोन्ही ठिकाणी 'एनव्हिडिया-इन्स्टॉलर-डिसेबल-नुव्हो.कॉन्फ' शोधा आणि असेल तर काढा.
४. सुडो एपीटी पर्ज करून एनव्हिडिया आणि लिबएनव्हिडियाने सुरू होणारी पॅकेज काढा. पर्ज करण्याआधी यादी वाचा, डोळे मिटून वाय दाबू नका.
५. सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू, मग रीस्टार्ट. आता नुव्होवर पडदा पूर्ण आकारात यायला हवा. आला नाही तर पुढे जाऊ नका.
६. सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल, पुन्हा रीस्टार्ट.

टर्मिनलमध्ये वायफाय नसेल तर एनएमटीयूआय टाका, बाणांनी निवडता येईल असा मेनू येतो. नाहीतर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग, त्याला वेगळं काही टाकावं लागत नाही.

नंदुरबारकर
आणि कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने टर्मिनलच आला नाही तर?

सातपुडा (चोपडा)
मशीन सुरू होताना लोगो दिसला की एस्केप दाबा, जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा. ग्रबचा मेनू येतो. पहिल्या ओळीवर ई दाबा. 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या लांब ओळीत 'क्वाएट स्प्लॅश' आहे, ते काढून तिथे सिस्टीमडी.युनिट=मल्टी-युजर.टार्गेट लिहा आणि एफ१०. ग्राफिक्सला हातच न लावता थेट टर्मिनलवर उतरतं. हा बदल एका वेळेपुरताच राहतो. नुव्होमुळे गोठत असेल तर त्याच ओळीत नोमोडसेट जोडा, पण ते काम झाल्यावर राहू देऊ नका. नोमोडसेट कायमचं ग्रबच्या फाइलमध्ये लिहिलेलं असेल तर नुव्हो कार्डाला हात लावू शकत नाही, आणि लोक महिनोन्‌महिने 'ड्रायव्हर टाकलाय तरी संथ' म्हणत बसतात.

उन्हाळकांदा (साक्री)
सिक्युअर बूट सरळ बंद करून टाका ना. इतकी उठाठेव कशाला?

गिरणामाई (चाळीसगाव)
@उन्हाळकांदा, दुकानाच्या मशीनवर शेजारी विंडोज असेल आणि बिटलॉकर चालू असेल तर सिक्युअर बूट बंद केल्यावर पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की कुठे लिहून ठेवलीय हे माहीत नसेल तर अकाउंटची सगळी फाइल आत अडकली. म्हणून बंद करण्याआधी हे तपासाच.

शिवाय गरजही नाही. उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल शक्यतो लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया या नावाचं आधीच सही केलेलं मॉड्यूल आणतं. त्यावर कॅनोनिकलची (उबुंटू बनवणारी कंपनी) सही असते, उबुंटूचा कर्नल ती मान्य करतो. मोडइन्फो एनव्हिडिया चालवून 'साइनर' ची ओळ बघा. तिथे कॅनोनिकल असेल तर काहीच करायचं नाही.

डीकेएमएसने मशीनवरच बनवलेलं मॉड्यूल असेल तर मात्र सही तुमच्या मशीनच्या चावीची असते, आणि ती चावी फर्मवेअरला एकदा ओळख करून द्यावी लागते. नाही दिली तर मॉडप्रोब एनव्हिडिया केल्यावर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' येतं. तेव्हा:

सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/एमओके.डीईआर

हे एक पासवर्ड विचारतं. तो फक्त पुढच्या रीस्टार्टपुरता लागतो. रीस्टार्टला निळा पडदा येतो, 'प्रेस एनी की' लिहिलेला. तिथे थोडेच सेकंद मिळतात, चहा घ्यायला गेलात तर तो निघून जातो आणि सगळं पुन्हा. एनरोल एमओके, कंटिन्यू, येस, पासवर्ड, रीबूट. या क्रमात चुकून पहिल्याच पानावर 'कंटिन्यू बूट' दाबलं तर चावी नोंदली जात नाही. सगळ्यांची चूक इथेच होते.

आणि मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांसाठी: निळ्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन इंग्रजीच असतो. पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचा ठेवा, चिन्हं नकोत. काळ्या टर्मिनलमध्ये देवनागरी दिसतच नाही, त्यामुळे फोल्डरांची मराठी नावं चौकोन झाली तर घाबरू नका, फाइली शाबूत आहेत.

उन्हाळकांदा (साक्री)
बठ्ठं समजनं ताई. बिटलॉकरचं लिहून ठेवलं.

नंदुरबारकर
इकडे अजून २२.०४ च आहे, अपग्रेड केलंच नाही. तरी साध्या अपडेटनंतर ४७० गेला. डीकेएमएस 'बॅड एक्झिट स्टेटस' म्हणतं.

सातपुडा (चोपडा)
/व्हार/लिब/डीकेएमएस/एनव्हिडिया च्या खाली, आवृत्तीच्या फोल्डरात बिल्ड, त्यात मेक.लॉग. शेवटून वर वाचा. 'अनरेकग्नाइज्ड कमांड-लाइन ऑप्शन' आणि पुढे 'ट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट' असं दिसतंय का?

नंदुरबारकर
हो, तंतोतंत.

सातपुडा (चोपडा)
मग ड्रायव्हरचा दोष नाही. २२.०४ चा मूळ कर्नल ५.१५ जीसीसी ११ ने बनवलाय. अपडेटमधून आलेला नवा एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचा) कर्नल जीसीसी १२ ने बनवलाय. मॉड्यूलही त्याच कंपायलरने बनवावं लागतं, आणि मशीनवर ११ च आहे. ११ ला तो पर्याय कळत नाही. सुडो एपीटी इन्स्टॉल जीसीसी-१२, मग सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल. बस.

नंदुरबारकर
झालं! एका ओळीचं काम होतं.

पांझराकाठ (धुळे)
१६५० पूर्ण चालू. पाचव्या पायरीनंतर नुव्होवर पडदा १९२० बाय १०८० ला आला, सहावीनंतर एनव्हिडिया-एसएमआयमध्ये कार्ड, मेमरी, तापमान सगळं दिसतंय. साइनर कॅनोनिकल आहे, निळा पडदा आलाच नाही. सातपुडा आणि गिरणामाई, मनापासून आभार.

एकच राहिलं: मशीन झोपवून उठवलं की फॉन्टच्या जागी रंगीत ठिपके दिसतात.

भुसावळ_जंक्शन
झोपताना कार्डाच्या मेमरीतलं सगळं जपून ठेवायला सांगितलेलं नाही म्हणून. /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये नवी फाइल, त्यात एक ओळ: ऑप्शन्स एनव्हिडिया एनव्हीरेग_प्रिझर्व्हव्हिडिओमेमरीअॅलोकेशन्स=१ आणि त्याच ओळीत एनव्हीरेग_टेम्पररीफाइलपाथ=/व्हार/टीएमपी. दुसरा भाग महत्त्वाचा, कारण ४ जीबी कार्डाची मेमरी फाइलमध्ये उतरते आणि /टीएमपी जर रॅममध्ये असेल तर जागा पुरत नाही. मग एनव्हिडिया-सस्पेंड आणि एनव्हिडिया-रिझ्यूम या दोन्ही सर्व्हिस सिस्टीमसीटीएल इनेबल करा, इनिटरॅमएफएस अपडेट करा.

आणि आता त्या तिघांचं एलएसपीसीआय टाका.

केळीचा_घड (रावेर)
तोवर एक विचारतो. मे महिन्यात दुपारी दोनला पडदा मध्येच गोठतो आणि रीस्टार्टशिवाय उठत नाही. हेही ड्रायव्हरचंच का?

भुसावळ_जंक्शन
डीमेसेजमध्ये एक्सआयडी शोधा. 'एक्सआयडी ७९, जीपीयू हॅज फॉलन ऑफ द बस' दिसलं तर आधी वीज, उष्णता आणि स्लॉट बघा, ड्रायव्हर नंतर. बाहेर ४५ अंश असताना पत्र्याच्या शेडमधल्या कॅबिनेटला आणखी किती ताप द्यायचा! हीटसिंकमधली धूळ ब्लोअरने काढा, पंख्याची पाती हाताने धरून, नाहीतर वाऱ्याने गरगरून बेअरिंग जातं. कार्ड स्लॉटमधून काढून सोनेरी पट्टी कोऱ्या खोडरबरने पुसून पुन्हा घट्ट बसवा. एनव्हिडिया-एसएमआय -एल ५ टर्मिनलमध्ये चालू ठेवलं की दर ५ सेकंदांनी तापमान दिसत राहतं.

शेवभाजी (जळगाव)
भुसावळच्या उन्हात पापड कॅबिनेटवरच वाळवावेत, दोन्ही कामं होतील.

केळीचा_घड (रावेर)
एक्सआयडी ७९ च निघालं. ब्लोअर आणतो.

पांझराकाठ (धुळे)
हे घ्या. चालणाऱ्या सहाही मशीनवर जीके२०८बी. न चालणाऱ्या तिघांवर जीएफ१०८. डीमेसेजमध्ये त्या तिघांवर लिहिलंय की हे कार्ड ३९०.एक्सएक्स लेगसी ड्रायव्हरने चालतं, ४७० चा ड्रायव्हर त्याकडे दुर्लक्ष करेल, आणि शेवटी एनव्हिडियाचं कार्डच सापडलं नाही असं. पण खोक्यांवर तर सगळीकडे जीटी ७३० आहे!

भुसावळ_जंक्शन
हीच शंका होती. जीटी ७३० या एकाच नावाखाली एनव्हिडियाने दोन पिढ्या विकल्या. एक जीके२०८, केप्लर, ३८४ कोर, ६४ बिटची मेमरी. दुसरी जीएफ१०८, फर्मी, ९६ कोर, १२८ बिटची डीडीआर३. खोक्यावर '१२८ बिट' मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक तेच जास्त चांगलं समजून घेतं. ते जुन्या पिढीचं निघतं.

२२.०४ च्या रेपोत ३९० होता म्हणून हे तिघे आजवर कामाला लागत होते. २४.०४ च्या रेपोत ३९० नाही. तुम्ही ४७० टाकला, त्याने कार्ड ओळखायला नकार दिला, पण पॅकेजने नुव्होवर बंदी मात्र घातली. दोन्ही ड्रायव्हर बाहेर, मग फर्मवेअरने दिलेल्या साध्या फ्रेमबफरवर १०२४ बाय ७६८ आणि सगळं चित्र सीपीयूने रंगवायचं. सावली ओढत येते ती म्हणून. जीएलएक्सइन्फो -बी चालवलंत तर रेंडररमध्ये एलएलव्हीएमपाइप, म्हणजे सीपीयूवरचं रंगकाम, दिसेल.

आजच्या आज काम सुरू करायचं तर: तिन्हींवर एनव्हिडियाचं सगळं पर्ज, इनिटरॅमएफएस अपडेट, रीस्टार्ट. नुव्हो येईल, पडदा पूर्ण आकारात. फर्मीवर नुव्हो घड्याळाचा वेग वाढवू शकत नाही, कार्ड सुरू होतानाच्या कमी वेगावरच राहतं. इंकस्केप, गिंप, बॅनरची मांडणी, याला ते पुरतं. डार्कटेबलमध्ये (फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर) ओपनसीएल, म्हणजे कार्डाकडून गणित करून घेण्याची सोय, मिळणार नाही, तिथे काम सीपीयूवर जाईल.

सातपुडा (चोपडा)
मी यात एक भर घालतो. ती मशीन कुठल्या प्रोसेसरची आहेत? इंटेलच्या आय३-आय५ मध्ये ग्राफिक्स आतच असेल तर कार्ड उपटून केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा, बायोसमध्ये प्रायमरी डिस्प्ले ऑनबोर्ड करा. इंटेलचा ड्रायव्हर कर्नल आणि मेसामध्येच आहे. फर्मीवर नुव्हो चालवण्यापेक्षा ते बरं.

उन्हाळकांदा (साक्री)
नाहीतर परत २२.०४ वर जावं?

सातपुडा (चोपडा)
उलटं अपग्रेड होत नाही, २२.०४ कोरं टाकावं लागेल. २२.०४.५ च्या आयएसओत कर्नल ६.८ येतो. त्यावर ३९० टाकू नका. आधी लिनक्स-जेनेरिक टाकून ५.१५ वर या, लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४ काढा, ५.१५ वर रीस्टार्ट करा, यूनेम -आर ने खात्री करा, मग ३९०. तेही २०२७ पर्यंतच, आणि ३९० मधली सुरक्षेची भोकं २०२२ नंतर एनव्हिडियाने बुजवलेली नाहीत. इंटरनेटवरच्या मशीनवर मी हे सुचवणार नाही.

भुसावळ_जंक्शन
मी मात्र एका ठिकाणी सुचवेन. डार्कटेबलवर ओपनसीएलशिवाय चालतच नसेल आणि मशीन नेटला जोडलेलं नसेल, तर २२.०४ आणि ५.१५.

गिरणामाई (चाळीसगाव)
ओपनसीएल ९६ कोरच्या कार्डावर कितीसं धावणार? चार कोरचा आय५ बऱ्याचदा त्याच्या बरोबरीला येतो. डार्कटेबल दोन्ही प्रकारे चालवून एकाच फोटोचा एक्सपोर्ट मोजा, मग ठरवा.

पांझराकाठ (धुळे)
दोन मशीन आय३, आतलं ग्राफिक्स आहे. तिसऱ्याच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. त्याला नवं कार्ड घ्यायचं म्हटलं तर जीटी १०३० कसं?

भुसावळ_जंक्शन
घेऊ नका. पास्कल आहे, ५८० वरच थांबलंय, दोन-चार वर्षांत हाच धागा पुन्हा उघडेल. शिवाय त्याच्यातही दोन जाती आहेत, जीडीडीआर५ आणि डीडीआर४. डीडीआर४ वाल्याच्या मेमरीचा वेग जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येतो. नाव पुन्हा एकच.

एनव्हिडियाच घ्यायचं तर जुनं १६५० बघा, दुकानात एक आहेच, दोन्हीला एकच ड्रायव्हर. नाहीतर एएमडीचं आरएक्स ५५०. त्याचा एएमडीजीपीयू कर्नलमध्येच आहे, बाहेरून काही टाकायचं नाही. २०१६ मध्ये १६.०४ आलं तेव्हा एएमडीचा बंद ड्रायव्हर एफजीएलआरएक्स उबुंटूने काढून टाकला होता, तेव्हा हाच आरडाओरडा झाला होता. आज एएमडीवाल्यांना असे धागे काढावे लागत नाहीत.

नंदुरबारकर
आणि जे सहा ४७० वर चालताहेत त्यांचं काय?

सातपुडा (चोपडा)
ते चालतात तोवर त्यांना जपायचं आहे. २४.०४ ला दोन कर्नल-वाटा आहेत. मूळ ६.८, जो शेवटपर्यंत सुरक्षा अपडेट घेत राहतो, आणि एचडब्ल्यूई, जो ६.११, ६.१४ असा चढत जातो. चढत्या कर्नलवर बंद शाखेचं मॉड्यूल कधीतरी फुटतंच. म्हणून सहाही मशीनवर लिनक्स-जेनेरिक टाका, एचडब्ल्यूईचं मेटापॅकेज काढा, ६.८ वर रीस्टार्ट करा.

दुसरं, लॉगिनच्या पानावर चाकावर क्लिक करून 'उबुंटू ऑन एक्सऑर्ग' निवडा. वेलँडला (एक्सऑर्गच्या जागी आलेली नवी पडदा-व्यवस्था) लागणारा जीबीएम हा भाग एनव्हिडियाने ४९५ पासून दिला, ४७० मध्ये तो नाही. आणि याच कारणाने या सहांवर २५.१० किंवा पुढची उबुंटू टाकू नका, तिथे नोमचं एक्सऑर्ग सत्रच काढून टाकलंय. पुढे कधी बदलायचं झालं तर मिंट २२, सिनॅमन. तेही २४.०४ वरच उभं आहे आणि डीफॉल्टला एक्सवर चालतं.

पांझराकाठ (धुळे)
झालं ते सांगतो. दोन आय३ मशीनची कार्डं काढली, ऑनबोर्डवर पडदा पूर्ण आकारात. तिसरं नुव्होवर, खिडकीची सावली गेली, बॅनर हलवताना थोडं जड वाटतं पण काम होतंय. सहावर ६.८ आणि एक्सऑर्ग केलं. १६५० चे रंगीत ठिपके गेले. आता प्रत्येक कॅबिनेटवर चिपचं नाव आणि ड्रायव्हरची शाखा मार्करने लिहून ठेवलीय.

उन्हाळकांदा (साक्री)
हाई बेस व्हयनं भो. जाता जाता माझंही सांगा, जीटी ६१० आहे, २२.०४ वर ३९० ने चालतंय. २४.०४ चा पॉपअप रोज येतो.

भुसावळ_जंक्शन
जीएफ११९ असणार, तेही फर्मीच. एलएसपीसीआयने खात्री करा. पॉपअप बंद करायला सॉफ्टवेअर अँड अपडेट्समध्ये अपडेट्सच्या टॅबवर 'नव्या आवृत्तीची सूचना' याला 'कधीच नाही' करा, आणि लिनक्स-जेनेरिकवर या.